कुणाचा उजवा

आमच्या गावच्या देवीची पूजा करणारी गुरवीण मेली तेव्हा गाव म्हणालं, पुण्यवान बाई होती. ती पुण्यवान वगैरे नव्हती. तोंडाची फटकळ होती, हाताची घाणेरडी होती. नैवेद्याची वाटी देवीपुढे ठेवायच्या आधी त्यात बोट बुडवून मीठ बघायची. कुणी हटकलं तर म्हणायची, "अळणी गिळावं का तिनं? बोलत न्हाई म्हणून?"

मी तिला मावशी म्हणायचे. नात्याची नव्हती. राणीसावरगावच्या अलीकडे माळावर आमचं गाव आहे आणि गावाच्या टोकाला देऊळ. देवळाला लागून आमचं घर. त्यामुळे तिचं पाणी, सरपण आणि शिव्या हे सगळं आमच्या अंगणातून जायचं. बुटकी बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. केस वाढले की स्वतःच कात्रीनं कापायची, एक बाजू लांब, एक आखूड. दोन्ही हात मनगटापर्यंत शेंदरानं लाल. तिनं दिलेल्या भाकरीलाही शेंदूर लागलेला असायचा. मी पुसून खायचे.

तिच्याकडे लोक यायचे ते कौल घ्यायला. आमच्या देवीला मूर्ती नाही. शेंदराचा गोल दगड आहे, त्याला चांदीचे डोळे बसवलेत. ज्वारीचे दोन दाणे पाण्यात भिजवायचे, एक देवीच्या उजव्या गालाला लावायचा, एक डाव्या, आणि विचारायचं. उजवा आधी पडला तर कर. डावा आधी पडला तर करू नको. गाभारा इतका बुटका आणि अंधारा की आत एकच माणूस मावायचं, तेही वाकून. ती आत, लोक उंबऱ्याबाहेर. आतून ती ओरडायची, "उजवा दिला!" की ज्याचं काम तो लगेच उठायला लागायचा. तेव्हा ती बाहेर येऊन त्याला खाली बसवायची.

"कुटं निघालास? दुसरा पडू दे."

"कळलं की मावशी. उजवा दिला न्हवं?"

"तिचं बोलणं अर्धंच झालंय. सून हाय का ती तुझी, अर्ध्यातून उठून जायला?"

मग तो बसायचा. कधी घटकाभर, कधी अर्धा दिवस. दुसरा दाणा वाळून पडला की ती दोन्ही दाणे त्याच्या हातावर ठेवायची. "हे बघ. थांबलं की दोन्ही पडतात. आधी कोणता, एवढंच तिनं सांगितलं. पुढचं तुझं."

लोकांना हे आवडायचं नाही. लोक येतात ते पुढचंही कुणीतरी ठरवून द्यावं म्हणून.

तिच्याकडे पूजा कशी आली ते माझ्या सासूनं मला सांगितलं होतं. नवरा तरुणपणीच वारला, मूलबाळ नाही. बाईनं देवीला हात लावावा का, यावर पारावर दोन दिवस बैठक झाली. शेवटी ठरलं, देवीलाच विचारू. पण कौल लावता येणारी गावात तीच एक उरली होती. तेव्हा एक जाणता म्हातारा म्हणाला, "हिनं लावला तर ही आपल्याकडंच पाडील. मी लावतो." त्यानं लावला. दोन्ही दाणे एकदम खाली आले. पुन्हा लावला. पुन्हा एकदम.

"याचा अर्थ काय?" लोकांनी विचारलं.

"अर्थ असा," ती म्हणाली, "की आजोबाच्या हाताला घाम लय येतो."

लोक हसले. हसल्यावर नाही म्हणणं अवघड जातं. पूजा तिच्याकडे राहिली.

एकदा गंगाखेडकडचा एक माणूस आला. पहिली बायको घरात असताना दुसरी करू का, म्हणून विचारायला. डावा पडला. परत लावा म्हणाला. परत डावा. तिसऱ्यांदा उजवा पडला तसा तो खूश होऊन पायऱ्या उतरायला लागला. ती मागून म्हणाली, "तीनदा इचारलं की कुणीबी हाव म्हणतं. मीबी लग्नाला अशीच हाव म्हणले होते. जा, कर. पण देवीनं सांगितलं म्हणू नको. तू सांगितलंस, तिनं ऐकलं."

तिला सर्वांत जास्त राग होता 'देवाची मर्जी' या बोलण्याचा. कुणाच्या मयताला गेली आणि कुणी मर्जी म्हणालं की ही तिथंच सुरू व्हायची. "मर्जी कशी? बांधावरची तार उघडी हाय हे गावाला मालूम नव्हतं का? देवानं येऊन हात धरला का तुमचा?" रडणाऱ्या माणसासमोर असं बोलावं का, एवढीही अक्कल तिला नव्हती. लोक तिला मयताला बोलवेनासे झाले. ती न बोलावता जायची.

आता माझ्या पोरीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय ही बाई कळणार नाही.

पोरगी आठ वर्षांची होती. या गोष्टीला चाळीसेक वर्षं झाली. तिचं पोट दुखायला लागलं, दुसऱ्या दिवशी ताप आला. मी म्हणाले, गंगाखेडला दवाखान्यात नेऊ. सासू म्हणाली, बाहेरचं काही असंल, आधी कौल घ्या. मावशी त्या दिवशी गावात नव्हती, सोनपेठला बहिणीच्या नातीच्या बारशाला गेली होती. म्हणून आमचे मालक स्वतःच वाकून गाभाऱ्यात गेले. त्याआधी ते कधी आत गेले नव्हते. दाणे लावले आणि विचारलं, पोरीला दवाखान्यात नेऊ का?

थोड्या वेळानं बाहेर आले. "डावा दिला," म्हणाले. "नेऊ नका म्हणती."

दुसरा दाणा पडायची वाट त्यांनी बघितली नाही.

सकाळची बस फाट्यावरून जायची. फाटा आमच्या घरापासून हाकेवर. बसचा भोंगा मला घरात ऐकू आला. मी पोरीच्या पोटावर एरंडाचं पान शेकून ठेवत होते. भोंगा वाजला, बस थांबली, बस गेली.

तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं झालं, तेव्हा मालकांनी तिला खांद्यावर घेतलं आणि आम्ही तीच बस धरली. गंगाखेडच्या अलीकडे कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. बस तिथं थांबली आणि तिथंच पोरगी गेली, माझ्या मांडीवर. मला कळलं. पण स्टँड येईपर्यंत मी मालकांना सांगितलं नाही. ते खिडकीतून मान बाहेर काढून गाड्या बघत होते आणि मला सांगत होते, "निघाल्या, निघाल्या. आता पोचतोच."

दुसऱ्या दिवशी मावशी परत आली. मी भांडायलाच गेले. सुतक होतं म्हणून पायरीखाली उभी राहिले आणि म्हणाले, "तुमच्या देवीनं खाल्ली माझी पोरगी."

ती बाहेर आली. हातात दिवा होता. "काय दिला म्हणाला तो?"

"डावा."

"आत ये."

"सुतक हाय मला."

"आत ये म्हणते ना."

तिनं मला दंडाला धरून गाभाऱ्यात वाकवलं आणि मागून दिवा पुढं केला. देवीच्या एका गालाला दाणा अजून चिकटलेला होता, तेलात आणि शेंदरात रुतून. दुसरा खाली पडलेला, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

"डावा वरच हाय अजून," ती म्हणाली.

मला समजलं नाही. तिनं मला बाहेर ओढलं, आपल्यासमोर उभं केलं, माझा हात धरून वर केला. "हा तुझा कोणता?"

"उजवा."

"माझ्या कोणत्या अंगाला आला?"

तिच्या डाव्या अंगाला आला होता.

"देवी आपल्याकडं तोंड करून बसलीय. तिचा उजवा तो बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. तुझ्या नवऱ्यानं आपल्या हातानं धरलं. तिचा उजवा पडलाय, बाई. ती ने म्हणाली होती."

मी उलट फिरले आणि घराकडे निघाले.

"कुटं चाललीस?"

"सांगते त्यांना."

"सांग. पण आधी मला एक सांग. बस कुटून जाती?"

"फाट्यावरून."

"आन पाय किती हायत तुला?"

मी पायांकडे बघितलं.

"उजवा असो का डावा असो, पाय तुझेच होते. त्याला सांगायचं तर तेबी सांग."

पोर जाऊन एक दिवस झालेल्या बाईला असं कुणी बोलत नाही. ती बोलली. मी तिच्या तोंडावर थुंकले. तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन माझंबी सांग," म्हणाली. "मी पुरण खायला गेले होते."

मी घरी गेले. मालक विहिरीच्या काठावर बसले होते. त्या दिवसांत ते तिथंच बसायचे, जेवायचे नाहीत. कुणी भेटायला आलं की एकच वाक्य म्हणायचे, "देवीनं मागितली, दिली." ते त्या एका वाक्यावर उभे होते. ते काढून घेतलं असतं तर समोर विहीर होती. मी सांगितलं नाही.

दहाव्याला पाहुणे जमले. माझ्या नणंदेचा सासरा कौलाची गोष्ट ऐकून सहज म्हणाला, "कुणाच्या हातानं धरला पण? आमच्याकडं देवीच्या हातानं धरतात." मालकांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वर केली. मावशी कोपऱ्यात उकिडवी बसली होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती तिथूनच म्हणाली, "तुमच्याकडं धरत असतील. आमची देवी निराळी हाय. इथं बघणाऱ्याच्या हातानं धरतात."

"असं कुटं असतं का, गुरवीणबाई?"

"पूजा कोण करायलंय? तुमी का मी?"

मालकांनी मान खाली घातली. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.

आणि तेव्हापासून तिनं खरोखरच हात बदलला. देवीचा उजवा पडला की डावा म्हणायची, डावा पडला की उजवा. एवढंच नाही, तर एकेकाला आत बोलवायला लागली, "ये, तुझ्या हातानं बघ." गावाला काही वाटलं नाही, ती दाणे लावताना आधी कधी कुणी आत वाकून बघितलंच नव्हतं. बाहेरगावचे लोक मात्र भांडायचे. सोनपेठचा एक शिकलेला माणूस तिला समजावत बसला की बाई, हे शास्त्राला धरून नाही. तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं, पिऊ दिलं आणि म्हणाली, "आता जावा." लोक म्हणायला लागले, म्हातारी चळली, तिला उजवा-डावा कळत नाही. तिनं ऐकून घेतलं. तिच्यासारख्या बाईनं ऐकून घेतलं.

मी वर्षभर तिच्याशी बोलले नाही. पुढे एकदा तिचं पाणी संपलं होतं आणि तिला ताप होता, म्हणून मी घागर नेऊन ठेवली. तिथून परत सुरू झालं. तेव्हा मी तिला विचारलं, "मावशी, मग आता तुमी सगळ्या गावाला उलटं सांगायलाव का?"

"सांगितलंय तिला मी. म्हणले, बये, एका माणसासाठी मी हात बदललाय. तूबी बदल. न्हाई बदललास तर तुझं तू बघ."

"मग बदलला का तिनं?"

"मला काय ठाऊक? ती बोलती का?"

मालक पुढे देवीचे मोठे भक्त झाले. दर मंगळवारी नारळ. येईल त्याला सांगायचे, देवीनं मागितली, दिली. माझ्यासमोर सांगायचे. मी भाकऱ्या थापायचे. चाळीस वर्षं मी ते वाक्य ऐकलं. कितीदा तरी वाटलं की तवा उचलून आपटावा आणि सांगावं, दिली कुणी? आपण मारली.

शेवटी शेवटी मावशी आमच्याच ओसरीवर पडून होती. मी तिला पेज पाजायचे. पेज भरवताना ती एकदा म्हणाली, "सांगितलंस का गं त्याला?"

"न्हाई."

"कामून?"

"ते विहिरीत उडी घेतील म्हणून."

"ते तवाचं झालं. विहीर बुजली. आता कामून न्हाई?"

मला उत्तर माहीत होतं, पण तोंडातून निघालं नाही. सांगितलं असतं तर त्यांनीही मला विचारलं असतं, भोंगा तू ऐकला होतास ना? मी थांबले ते डावा पडला म्हणून नाही. सासू, नवरा, देवी, तिघांना ओलांडून पोर कडेवर घेऊन फाट्यावर जायचं म्हणजे कष्ट होते. थांबणं सोपं होतं. कौलाचं नाव झालं.

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. "गप बसणं तुझं हाय," म्हणाली. "माझ्यावर ढकलू नको. तिच्यावरबी नको."

मग मीही तिला विचारलं. अशी संधी परत आली नसती. "मावशी, खरं सांगा, तुमचा इश्वास होता का तिच्यावर?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "रोज सकाळी पाणी घातलं तिला. थंडीत कोमट करून घातलं. इश्वास हाय का न्हाई ते बघायला सवड कुटं होती?"

"मग हे सगळं कशासाठी? एवढं जगायचं, मरायचं?"

"मग पाणी कोण घालंल?"

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही. आताही पुरतं पटलेलं नाही. पण ती गेल्यावर नवा पुजारी येईपर्यंतचे बावीस दिवस मीच पाणी घातलं. गुरवाची बाई नसताना घातलं, कुणाला विचारलं नाही. कौलही घेतला नाही.

नवा पुजारी तिच्या भावाचा नातू, गंगाखेडचा. शिकलेला, स्वच्छ. मोटारसायकलवर येतो. त्यानं गाभारा फोडून मोठा केला, फरशी बसवली, ट्यूबलाइट लावली. जुन्या चुका दुरुस्त करायच्या म्हणून बाहेर पत्र्याची पाटी लावली, लाल रंगात: 'कौल देवीच्या उजव्या-डाव्या हातानुसार धरावा. स्वतःच्या हातानुसार धरू नये.'

मालकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तोवर पाटी असली काय, नसली काय. पण गेल्या महिन्यात थोरल्या पोरानं त्यांना परभणीला नेऊन ऑपरेशन करून आणलं. पट्टी निघाल्यावर पहिल्या मंगळवारी ते नारळ घेऊन देवळात गेले. नेहमीपेक्षा उशिरा आले.

मी भाकरी तव्यावर टाकली होती. ते येऊन पाटावर बसले. त्यांनी हात धुतले नव्हते.

"देवळावर पाटी लावलीय," म्हणाले.

"लावली असंल."

"देवीच्या हातानं धरा म्हणून लिहिलंय."

"नवं पोरगं हाय ते. त्याला काय कळतंय? मावशीच्या वेळंला बघणाऱ्याच्या हातानं धरायचे. तुमच्या देखत सांगितलं न्हवतं का तिनं, दहाव्याला?"

"सांगितलं होतं." नवे डोळे होते, पाणी येत होतं, ते दस्तीनं टिपत होते. "पण ती दहाव्याच्या आधीपासून तसंच धरायची का?"

चाळीस वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मावशीनं जे सांगितलं होतं त्यात याचं उत्तर नव्हतं. ते तिनं माझ्यासाठी ठेवलं होतं.

भाकरी फुगली. मी ती उतरवली. खरं सांगायचं तर आत्ताच सांगता आलं असतं. त्यांचं आणि माझं दोन्ही.

"हाव," मी म्हणाले. "आधीपासून. मी बघितलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनी त्यांना मी नीट दिसत होते. जुन्या गाभाऱ्यात एका वेळी एकच माणूस मावायचं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"बरं," म्हणाले. भाकरी मोडली. अर्धी खाल्ली, अर्धी ताटात ठेवून उठले.

पुढच्या मंगळवारी ते देवळात गेले नाहीत. नारळ पिशवीत तसाच. सकाळपासून ओट्यावर बसले होते, देवळाकडे पाठ करून. बस फाट्यावर आली, भोंगा वाजला. ते हलले नाहीत. मी आतून विचारलं, "जायचं न्हाई का आज?"

"न्हाई."

हातातली भांडी तशीच टाकली आणि बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बसले. मावशी लोकांना बसवायची, दुसरा पडेपर्यंत, तशी बसले.